पसारा आणि पल्स

फायबर लेसरच्या प्रयोगशाळेत पाहुण्याला दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. सिनेमातल्यासारखा लाल-हिरवा झोत नाही, धूर नाही, आरशांच्या रांगा नाहीत. ॲल्युमिनियमचा एक ट्रे, त्यात काचेच्या बारीक तंतूची वेटोळी, ती जागची हलू नयेत म्हणून लावलेले टेपचे तुकडे आणि बाजूला आकडे दाखवणारी चार यंत्रं. बघायला आलेली शाळकरी मुलं हिरमुसायची. मग मी दिवे मालवायचे आणि अर्बियमच्या तंतूत पंप लेसर सोडायचे. तंतू हिरवा उजळला की मुलं खूश. खरं तर तो हिरवा उजेड म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. आमच्या कामाचा प्रकाश १५५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पण पाहुण्यांसमोर इतकं खरं बोलायची गरज नसते.

जर्मनीतल्या येना गावात काही वर्षं माझं काम हेच होतं: मोड-लॉक्ड फायबर लेसरमधून होईल तितक्या रुंद वर्णपटाची पल्स काढायची. आई फोनवर विचारायची, "लागला का गं दिवा तुझा?" लागला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "मग येतेस कधी?" दिवा लागणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे मी तिला दर वेळी सांगायचे आणि ती दर वेळी तोच प्रश्न विचारायची.

अवघड असतं ते लागलेला दिवा क्षणापुरताच लावणं. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ०.३ मायक्रॉनच सरकतो. आम्ही काही दहा फेम्टोसेकंदांच्या पल्सच्या मागे होतो. उघडझाप करून इतकी आखूड पल्स निघत नाही, असं कुठलंच बटण नाही. ती लेसरनं स्वतःच घडवावी लागते.

कशी, ते सांगते. तंतूचं चार मीटर लांबीचं कडं केलं तर प्रकाशाची एक फेरी साधारण २० नॅनोसेकंदांत होते. अशा कड्यात एकच कंपन नांदत नाही, ५० मेगाहर्ट्झच्या समान अंतरानं हजारो कंपनं बसतात. तबलजींपैकी एकानं ठायीत, दुसऱ्यानं दुगुनीत, तिसऱ्यानं तिगुनीत वाजवलं, तरी समेवर सगळे एकदम येतात. इथं वादक हजारो आणि सम दर २० नॅनोसेकंदांनी. समेवर सगळे भेटले की प्रकाशाचा एक उंच ठोका, मधल्या वेळात ते एकमेकांना खोडून टाकतात म्हणून अंधार. वादक जितके जास्त, म्हणजेच वर्णपट जितका रुंद, तितका ठोका आखूड. १५५० नॅनोमीटरवर १०० फेम्टोसेकंदांची नीटनेटकी पल्स हवी असेल तर सुमारे २५ नॅनोमीटरचा वर्णपट लागतोच, त्यात सवलत नाही. पण याचा व्यत्यास खरा नाही. हजारो वादक जमले आणि सम कुणालाच माहीत नसेल, तर वर्णपट तेवढाच रुंद दिसतो आणि ठोका मात्र कुठेच नसतो. माझ्या त्या वर्षांतलं बहुतेक शहाणपण या एका वाक्यात मावतं.

येना हे काचेचं गाव. कार्ल झाइसनं १८४६ मध्ये इथं कार्यशाळा काढली, एर्न्स्ट आबेनं सूक्ष्मदर्शकाचं गणित मांडलं, आणि ऑटो शॉटनं १८८४ पासून त्या गणिताला हवी तशी काच वितळवून दिली. विद्यापीठाजवळ आबेचं स्मारक आहे, त्यावर त्याचं सूत्र कोरलेलं आहे: सूक्ष्मदर्शकाला किती बारीक दिसेल, ते तरंगलांबी आणि भिंगात शिरणाऱ्या किरणांचा कोन यांवर ठरतं. जाता-येता ते दिसायचं. पुढे पुढे ते मला आमचंच वाटायला लागलं, फक्त जागेच्या ऐवजी वेळ. बारीक ठिपका हवा तर कोन रुंद हवा, आखूड पल्स हवी तर वर्णपट रुंद हवा. आणि मेखही तीच. नुसतं मोठं भिंग घेऊन भागत नाही. कडेचे किरण आणि मधले किरण एका जागी भेटले नाहीत, तर मोठ्या भिंगातून मोठा धूसर डाग मिळतो. आबे आणि शॉट यांनी कष्ट उपसले ते सगळ्या रंगांना एका बिंदूवर आणण्यासाठी, आणि १८८६ चं अपोक्रोमॅट भिंग हे त्याचं फळ. आमच्या क्षेत्रात मात्र रुंदीचं कौतुक जरा जास्तच होतं. परिषदेत वर्णपटाची रुंद आकृती पडद्यावर आली की सभागृहात हालचाल होते, पल्सचा आकार आला की लोक मोबाइल बघतात.

शिकणाऱ्याला पहिलं देतात ते अर्बियमचं कडं. १९९३ मध्ये एमआयटीत तामुरा, इप्पेन, हाउस आणि नेल्सन यांनी अशाच पूर्ण तंतूच्या कड्यातून ७७ फेम्टोसेकंदांची पल्स काढली. त्यांनी कड्यात दोन स्वभावांचे तंतू जोडले होते: एकात पल्स पसरते, दुसऱ्यात आवरते. सगळ्या फेरीभर ती टोकदार राहिली तर काचेतल्या अरेषीय परिणामांनी फुटते, म्हणून तिला बहुतेक वाट पसरट राहू द्यायची. कल्पना इतकी साधी आणि पक्की की आजही नवा विद्यार्थी तिच्यावरच हात बसवतो.

यात पल्स निवडण्याचं काम ध्रुवीकरण करतं. तीव्र प्रकाश तंतूतून जाताना आपलं ध्रुवीकरण थोडं जास्त फिरवतो, मंद प्रकाश कमी. पुढे ध्रुवक असा लावायचा की तीव्र भाग पार व्हावा आणि मंद भाग अडावा. मग फेरीगणिक पल्सचा पायथा कापला जातो आणि शिखर उरतं. सांगायला सोपं आहे. करताना तंतूची वेटोळी बसवलेली तीन पॅडलं हातात असतात आणि ती थोडी इकडे, थोडी तिकडे वळवत बसायचं असतं. वर्णपटमापकाच्या, आमच्या भाषेत ओएसएच्या, पडद्यावर एक टोकदार काटा उभा असतो. तो हलतो, दुभंगतो, परत जागेवर येतो. आणि मग एका क्षणी काटा मोडून तिथं रुंद उंचवटा उभा राहतो, दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर बारके काटे. या बारक्या काट्यांना केलीचे साइडबँड म्हणतात, त्यांचं कारण केलीनं १९९२ मध्ये सांगितलं. उंचवटा दिसला की बोटं अलगद काढायची, खुर्ची मागे घ्यायची आणि कुणाला दार आपटू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पॅडलं तिथंच असतात, पण रात्री खोलीचं तापमान बदललेलं असतं, आणि सगळं पहिल्यापासून.

हाताचं खरं काम स्प्लाइसिंगचं. तंतूवरचं आवरण सोलायचं, उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या टिश्यूनं पुसायची. काच स्वच्छ झाली की टिश्यूतून ओढताना बारीकशी किरकिरते, तो आवाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग क्लीव्हरमध्ये धरून टोक काटकोनात तोडायचं आणि दोन टोकं मशिनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती मोठी दिसतात, कपरी उडाली असेल तर तीही दिसते. एक विजेची ठिणगी, आणि १२५ मायक्रॉन जाडीची दोन टोकं एक होतात. तुटलेले तुकडे लगेच डब्यात टाकायचे. ते धड दिसत नाहीत आणि बोटात शिरले की दिवसदिवस सलतात. जेवणाचा डबा प्रयोगशाळेत उघडायला बंदी होती ती यासाठीच.

आमच्याकडे एक तंत्रज्ञ बाई होत्या. पूर्व जर्मनीच्या काळात काचेच्या कामात शिरलेल्या, बोलणं मोजकं. फोटोनिक क्रिस्टल फायबर जोडायचा असला की सगळे त्यांच्याकडे जायचे. या तंतूच्या पोटात लांबीभर बारीक भोकांची जाळी असते आणि प्रकाशाला तीच धरून ठेवते. नेहमीची ठिणगी दिली तर भोकं वितळून मिटतात, कमी दिली तर जोड कच्चा राहतो. बाई ठिणगीची जागा साध्या तंतूच्या बाजूला किंचित सरकवायच्या, म्हणजे घन काच तापायची आणि भोकांच्या वाट्याला उरलेली ऊब यायची. किती सरकवायचं ते मशिनच्या मेनूत लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या वहीत होतं. वही त्या घरी नेत नसत, पण कुलपात ठेवत.

आता मूळ दुखण्याकडे येते. अर्बियम किंवा इटर्बियम प्रकाश वाढवतं ते ठरावीक पट्ट्यातच, साधारण काही दशक नॅनोमीटर. पल्सला त्याहून रुंद व्हायचं तर तिनं तंतूतच स्वतःला पसरवलं पाहिजे. तीव्र प्रकाश काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि त्या बदलातून नवे रंग जन्मतात. तेव्हा पंप वाढवावा, तीव्रता वाढेल, रंग वाढतील, असं वाटतं. लेसर मात्र ऐकत नाही. ठरावीक ऊर्जेच्या पलीकडे गेलं की तो एकाच्या दोन पल्स करतो, दोनाच्या चार, आणि ऑसिलोस्कोपवर भाऊबंदकी सुरू होते.

पण पॅडलांच्या काही स्थितींत पंप वाढवल्यावर भलतंच घडतं. उंचवटा पसरायला लागतो. साइडबँड विरघळतात. रेघ गुळगुळीत होते, कडा उतरत उतरत लांब जातात. ऑसिलोस्कोपवर २० नॅनोसेकंदांच्या अंतरानं ठोके शिस्तीत चाललेले. पल्सची लांबी मोजणारा ऑटोकोरिलेटर लावला तर मधोमध शंभरेक फेम्टोसेकंदांचा सुरेख टोकदार सुळका. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जिंकलो.

आमचे प्राध्यापक अशा वेळी वर्णपटाकडे बघतही नसत. ते एवढंच विचारायचे, "पट्टी किती?" म्हणजे ऑटोकोरिलेटरच्या आडव्या अक्षावर वेळ किती घेतला आहे. एक-दोन पिकोसेकंदांची असेल तर पन्नास-शंभराची करायला लावायचे. आणि पट्टी लांबवली की चित्र पालटायचं. सुळका एका रुंद, बसक्या ढिगाच्या माथ्यावर उभा असलेला दिसायचा, आणि ढिगाची उंची सुळक्याच्या बरोबर निम्मी. आखूड पट्टीत तोच ढीग सपाट दिसतो, यंत्राची पार्श्वभूमी समजून लोक तो वजा करतात, आणि उरतो तो शंभर फेम्टोसेकंदांचा भास. निम्मी उंची ही गोंगाटाची सही आहे. लहरी तीव्रतेच्या वर्गाची सरासरी ही सरासरीच्या वर्गाच्या दुप्पट येते, तेवढंच त्यामागचं गणित.

याला नॉइज-लाइक पल्स म्हणतात. १९९७ मध्ये इस्राएलमध्ये होरोविट्झ, बाराद आणि सिल्बरबर्ग यांनी अर्बियमच्या फायबर लेसरमधून ती दाखवली आणि स्वच्छ नाव देऊन मांडली. बाहेरून एक पल्स दिसते, आत असतो अनेक बारक्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठोक्यांचा पुंजका, आणि दर फेरीला तो पुंजका नवा. ओएसएला हे कळत नाही. त्याला एक वर्णपट काढायला सेकंद-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात पाच-दहा कोटी पल्स निघून गेलेल्या असतात आणि तो त्यांची सरासरी काढून गुळगुळीत रेघ दाखवतो. पुढे एक युक्ती आली: पल्स लांबच लांब तंतूतून पाठवायची, म्हणजे तिचे रंग वेळेत उलगडतात आणि वेगवान ऑसिलोस्कोपवर एकेका पल्सचा वर्णपट सुटा वाचता येतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गटानं २०१३ मध्ये अशाच मोजमापानं दाखवलं की नॉइज-लाइक लेसरमध्ये एका पल्सचा वर्णपट पुढच्या पल्सच्या वर्णपटाशी जवळपास जुळतच नाही.

महागडं यंत्र नसेल तर आमच्याकडे एक गावठी परीक्षा होती. लेसरच्या पुढे काही मीटर साधा तंतू जोडायचा आणि परत मोजायचं. खरी पल्स लगेच फुगते, आणि रंग सुटे करणाऱ्या ग्रेटिंगच्या जोडीनं ती परत आवरता येते. गोंगाटाचा सुळका तसाच उभा राहतो, त्याला काही फरक पडत नाही. जे फिसकटत नाही ते जुळलेलंच नव्हतं. ही परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेत तासाभरात होते. तरी रुंद वर्णपट आणि आखूड पट्टी एवढ्यावर विसंबलेले निबंध माझ्याकडे परीक्षणाला आले आहेत, आणि परत गेले आहेत.

नॉइज-लाइक पल्स म्हणजे टाकाऊ माल, असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीसारख्या कामाला रुंद वर्णपटच लागतो, रंगांची सम लागत नाही. माल चांगलाच आहे, पेटीवर नाव बरोबर लिहा, एवढंच म्हणणं.

मग शिस्तीची रुंदी येते कुठून? २००४ मध्ये कॉर्नेलमध्ये इल्दाय, बकली, क्लार्क आणि वाइज यांनी पल्सला न फुटता पसरू देणारा लेसर दाखवला. पल्स आकार तोच ठेवून मोठी होत जाते. २०१२ मध्ये चोंग, वाइज आणि सहकाऱ्यांनी त्याच वाटेनं इटर्बियमच्या पट्ट्याबाहेर उडी घेतली: २०० नॅनोमीटरचा वर्णपट, २१ फेम्टोसेकंद. पण मला सगळ्यात आवडलेली रचना मामिशेव ऑसिलेटरची. बेल लॅब्जमध्ये पावेल मामिशेवनं १९९८ मध्ये दूरसंचाराच्या खराब झालेल्या पल्स साफ करायला एक उपाय सुचवला होता, त्याचाच पुढे लेसर झाला. कड्यात दोन फिल्टर ठेवायचे, प्रत्येकाचा रंग वेगळा. साधा अखंड प्रकाश एकातून गेला की दुसऱ्यात अडतो. पार होते ती फक्त अशी पल्स, जी मधल्या वाटेत स्वतःला इतकी पसरवते की दुसऱ्या फिल्टरच्या रंगापर्यंत पोचते. मंद गोंगाटाला इतकं पसरता येत नाही, म्हणून तो वाटेतच मरतो. २०१७ मध्ये कॉर्नेलच्याच गटानं यातून ५० नॅनोज्यूलची, सुमारे ४० फेम्टोसेकंदांची पल्स काढली, शिखराची शक्ती मेगावॉटच्या घरात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेटन इथल्या चोंग यांच्या गटानं त्याच कड्यात फोटोनिक क्रिस्टल फायबर घातला आणि वर्णपट सुमारे ४०० नॅनोमीटरवर नेला. पल्स १७ फेम्टोसेकंदांची, म्हणजे प्रकाशाची जेमतेम पाच आंदोलनं.

आम्हीही या रचनेकडे वळलो. तिचा एक हट्ट आहे. ती आपणहून सुरू होत नाही. गोंगाटातूनच साधा लेसर जन्मतो, आणि इथं गोंगाटाला दारच बंद. पंप पूर्ण चालू, तंतू तापलेला, आणि पडद्यावर काही नाही. मग दुसऱ्या लेसरची पल्स बाहेरून आत सोडायची, तिला फेरी मिळाली की बाहेरचा लेसर काढून घ्यायचा. पल्स टिकते किंवा विझते, अधलंमधलं काही नाही. मला ते फार बरं वाटायचं. अर्बियमच्या कड्यासमोर बसल्यावर समोर दिसतंय ते काय आहे हा संशय सतत सोबत असायचा, इथं लेसरच संशय ठेवत नव्हता.

आमचा वर्णपट डेटनच्या जवळपासही गेला नाही. पण लांब पट्टीवर ढीग नव्हता. तंतू जोडला की पल्स फुगली, ग्रेटिंगनं आवरली, परत फुगवली, परत आवरली. प्राध्यापकांनी पट्टी विचारली, आकडा ऐकला आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची.

माझ्या मावसबहिणीचा चष्मा पुण्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेला तो फेम्टोसेकंद लेसरनंच, व्हिसुमॅक्स नावाच्या यंत्रावर. ते बनवणाऱ्या कार्ल झाइस मेडिटेकचं मुख्यालय येनातच. डोळ्यासाठी काहीशे फेम्टोसेकंद पुरतात, आमच्याइतकी रुंदी तिथं नको असते. पण प्रत्येक पल्स मागच्या पल्ससारखी लागते, आणि सरासरी चांगली आहे हे उत्तर तिथं चालत नाही. ती मला म्हणाली, "काहीच कळलं नाही गं, पाच मिनिटांत उठवलं." कुणाला काही कळू नये अशाच कामासाठी आम्ही इतकं मोजत बसतो.

आता मी पुण्यात शिकवते. इंदूर, चेन्नई, कोलकाता इथं फायबर लेसरवर काम करणारी मुलं निबंध वाचायला पाठवतात, तेव्हा त्यांना एकच विनंती करते आणि इथंही करते. वर्णपट किती रुंद आला ते दुसऱ्या पानावर चालेल. पहिल्या पानावर ऑटोकोरिलेशन द्या, पट्टी किमान पन्नास पिकोसेकंदांची घ्या, पार्श्वभूमी वजा केली असेल तर तसं लिहा, आणि तंतू जोडून मोजलेली आकृती शेजारी लावा.